शिल्लक दाखवा

गाव तुम्ही खाल्लं, साहेब. निवडणुका नव्हत्या, नगरसेवक नव्हते, विचारणारं कोणी नव्हतं, तेवढा सगळा काळ तुम्ही प्रशासक म्हणून त्या खुर्चीवर बसलात आणि हिवरापेठची नगरपरिषद उसाच्या कांडीसारखी चोखून चोथा थुंकून गेलात. जाताना हार घालून घेतलात, फोटो काढलात. किल्ली ठेवली आणि तिजोरी नेली.

हे सगळं माया सकाळपासून मनात बोलत होती. तोंडानं मात्र ती एवढंच म्हणत होती, "मीठ पाहा वं कोणी."

विहाराच्या मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. एकीवर वांग्याची भाजी, दुसरीवर वरण, तिसरीवर खिरीचं मोठं पातेलं. सासरे केशवराव गजघाटे जाऊन वर्ष झालं होतं, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आख्खी वस्ती जेवायला येणार होती. केशवराव या वस्तीतले पहिले नगरसेवक. मेले तेव्हा त्यांच्या अंगावरचं स्वेटर उसवलेलं होतं, पण अंत्ययात्रेत गाव मावलं नव्हतं. आता त्यांची सून त्याच नगरपरिषदेची अध्यक्ष होती. खुर्ची महिलेसाठी राखीव निघाली, घरातल्या पुरुषांचा नाइलाज झाला आणि शिवणक्लास चालवणारी माया उभी राहिली. निवडून आली. हार मात्र नवऱ्याच्या गळ्यात पडले.

आणि खुर्चीवर बसल्यावर कळलं की खाली पायच नाहीत. पाण्याच्या पंपाचं वीजबिल थकलेलं, कंत्राटी सफाई कामगार बायांचे पगार दिवाळीपासून नाहीत, त्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापलेले पण भरलेले नाहीत. साहेब आता वरच्या कार्यालयात बसत होते. तिथून त्यांचंच फर्मान आलं होतं: अर्थसंकल्प शिलकी दाखवा. तुटीचा आणलात तर परिषद चालवण्याची तुमची लायकी नाही असं वर कळवू, आणि पुन्हा प्रशासक बसवू.

ज्यानं भांडं रिकामं केलं तोच भांडं भरलेलं दाखवा म्हणत होता. सभा उद्या होती.

"नगराध्यक्ष मॅडम स्वतः वांगे चिरून राहिल्या! फोटोवाल्याले बोलावू काय?"

ही गोपिका. नगरपरिषदेची झाडूवाली, मायाच्या शिवणक्लासातली सगळ्यात पहिली आणि सगळ्यात नालायक विद्यार्थिनी. सुई बोटात घुसली की ती सुईच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायची.

"तू मीठ पाह्य."

गोपिकानं तळहातावर रस्सा घेऊन चाटला. "मीठ बरोबर आहे. पगार अळणी आहे."

"उद्या सभा आहे गोपिका."

"किराणावाल्याले मी बी तेच सांगतो, उद्या. तो म्हणते, आता तर तुमचीच बाई बसली ना वं खुर्चीवर, आता काहून उद्या? मी काय सांगू त्याले? आमची बाई बसली, पण खुर्चीच उधारीची आहे म्हणून सांगू?"

बाजूला पुऱ्या लाटणाऱ्या दोघी-तिघी हसल्या. त्याही झाडूवाल्याच. हसणं लवकरच विझलं.

"ऐकलं ते खरं आहे काय?" गोपिकानं आवाज खाली घेतला. "आम्हाले काढून टाकून राहिले म्हणे. खर्च कमी करायले."

विळीवर चालणारा मायाचा हात थांबला. उद्याच्या अर्थसंकल्पाच्या कागदात तसंच लिहिलं होतं. कंत्राटी सफाई कामगार कपात. दोन ओळी. या बायांनी तिच्यासाठी उन्हात दारोदार फिरून मतं मागितली होती. याच विहारात, बुद्धमूर्तीसमोर उभं राहून तिनं त्यांना शब्द दिला होता की तुमचा घामाचा पैसा आधी, मग बाकी सगळं.

"कोण म्हणते?"

"समदे म्हणते. तू सांग."

उत्तर द्यायच्या आधी रविंद्र दारात दिसला. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन, कानाला फोन. कोणीतरी वाटेत "जय भीम अध्यक्षसाहेब" म्हणालं आणि त्यानं सवयीनं हात वर केला. अध्यक्षसाहेब! मायाला दरवेळी वाटायचं, आपणच आता मागं वळून पाहावं, कोणाला म्हणून राहिले.

"माया, जरा अभ्यासिकेत ये. आई पण आहे तिथं."

अभ्यासिका म्हणजे विहाराला लागून असलेली लांबट खोली. केशवरावांनी पोरांना अभ्यासाला बसता यावं म्हणून भांडून बांधून घेतलेली. आत सासू इंदूबाई खुर्चीवर ताठ बसली होती. म्हातारी ऐंशीच्या घरातली, पण नजर सुईच्या नेढ्यातून दोरा ओवणारी. बाजूला नणंद नंदिनी, नागपुरात सरकारी नोकरीत असलेली, सकाळच्याच बसनं आलेली. आणि खिडकीत पाय हलवत धाकटा दीर अंकुश. अंकुशचे पाण्याचे टँकर होते. उन्हाळा त्याच्यासाठी दिवाळी असायची.

"साहेबाचा फोन होता," रविंद्र म्हणाला. "मुख्याधिकाऱ्यानं समदं तयार करून ठेवलं आहे. तुले उद्या फक्त वाचायचं आहे. आपले नगरसेवक हात वर करतीन, दहा मिनिटांत सभा खतम."

"मी वाचलं ते," माया म्हणाली. "हायवेच्या गोदामांचा कर कोर्टात अडकून आहे. एक रुपया येणार नाही हे शेंबड्या पोरालेबी माहीत आहे. आणि कागदात तो पूर्ण वसूल झाला असं धरलं आहे. त्यावर शिल्लक दाखवली आहे."

"अंदाजपत्रक म्हणते त्याले. अंदाज आहे तो."

"अंदाज नाही, थाप आहे. अहो, मी जिंदगीभर कापड बेतलं. दोन मीटर कापडात अडीच मीटरचा झगा बेतता येत नाही. कागदावर बेतसान, पण घालणारी बाई गल्लीत उघडी पडते. आणि या बायांले काढाचं काय लिहिलं आहे त्यात?"

"काढत नाही कोणी. ठेकेदाराकडे वळते करून राहिलो."

"म्हणजे काढूनच राहिले. मागचे पगार कोण देईन मग?"

रविंद्रनं फोन खिशात टाकला आणि आईकडे पाहिलं. घरात असंच होतं. त्याचं तोंड बंद पडलं की आईचं उघडायचं.

"सुनबाई," इंदूबाई म्हणाली, "वाचून टाक."

मायाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ही म्हातारी, जी बापाचं बोट धरून दीक्षा घ्यायला गेली होती, नवऱ्यानं एकदा ठेकेदाराकडून मिठाई घेतली म्हणून जिनं त्याला दोन दिवस जेवू घातलं नव्हतं, ती म्हणत होती वाचून टाक.

"आई, तुम्ही म्हणून राहिल्या हे?"

"हो, मीच म्हणून राहिली. डोळे काय वटारतं? त्या खुर्चीवर आजवर कोण कोण बसलं ते मी पाह्यलं आहे. पाटील बसले, शेठ बसले, साहेब बसले. भांडं भरलं होतं तवा समद्यांनी वरपून खाल्लं. कोणी हिशेब मागला काय? नाही. आणि आता भांडं रिकामं झालं, बुडाले खरवड बी नाही उरली, तवा आपल्या हाती दिलं. वरून म्हणते, खरं बोला! काहून? खरं बोलाचा ठेका आपल्याच जातीनं घेतला काय? तू उद्या तूट दाखवशीन, तर पेपरात काय येईन? साहेबानं गाव लुटलं असं येईन? नाई वं माय. यांच्या बाईले कारभार जमला नाही, असं येईन."

म्हातारीचं बोलणं खोटं नव्हतं, हीच तर आग होती. मायाला राग आला तो सासूचा नाही, त्या बोलण्यातल्या खरेपणाचा.

"आई बरोबर म्हणते, वहिनी," नंदिनी हळूच म्हणाली. "मी ऑफिसात रोज पाहते. तुटीचं अंदाजपत्रक आणणारा माणूस दोषी ठरते, तूट करणारा नाही. एक वर्ष काढा. पुढच्या वर्षी दुरुस्त करजो."

"एक वर्ष गोपिका काय खाईन?"

"वहिनी म्हणते ते खरं आहे!" खिडकीतून अंकुश खाली उतरला. "काय बे दादा, आपल्याच बायांचे पगार मारून तू शिल्लक दाखवतं? बाबा असते तर कानाखाली ओढली असती तुझ्या." त्यानं मायाकडे पाहून छातीवर हात ठेवला. "वहिनी, तू टेन्शन घेऊ नको. या बायांचा एक महिन्याचा पगार मी देतो. खिशातून. बाबाच्या नावानं."

"तुझ्या खिशात कुठून आला बे एवढा पैसा?" नंदिनी हसली. "मागच्या वर्षी माझ्याजवळून टायरसाठी उसने नेले होते."

"दिवस पालटते ताई. ते बी देतो आजच."

रविंद्रनं भावाकडे असं पाहिलं की अंकुश पटकन खिडकीकडे वळला. मायाला ते दिसलं, पण समजलं नाही. त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की या घरात आपल्या बाजूनं एक तरी माणूस आहे. त्या वाटण्याची लाज तिला पुढं तासाभरातच वाटणार होती.

बाहेरून घंटा झाली. वंदना सुरू होत होती.

पांढऱ्या कपड्यांनी विहार भरला होता. केशवरावांचा फोटो मूर्तीच्या डाव्या हाताला, समोर मेणबत्त्या. विहार समितीचे धम्मानंद गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले पण आवाजातून नाही, माईकवर त्रिशरण पंचशील सांगत होते आणि लोक मागं म्हणत होते. माया पहिल्या ओळीत होती, नगराध्यक्ष म्हणून. लहानपणापासून हजारदा म्हटलेले शब्द. तोंड आपोआप चालायचं. पण "मुसावादा वेरमणी" आलं आणि तिची जीभ अडकली. खोटं बोलण्यापासून मी अलिप्त राहीन. मागच्या ओळीत गोपिका आणि बाकीच्या बाया एका सुरात म्हणत होत्या. त्यांच्यापैकी कोणाला पाली येत नव्हती. अर्थ मात्र सगळ्यांना येत होता. मायानं ते शील म्हटलंच नाही. ओठ मिटून उभी राहिली आणि पुढच्या शीलाला पुन्हा सुरात आली.

वंदना झाली. चीवर घातलेल्या भन्तेजींचं प्रवचन झालं. मग दान जाहीर करायची वेळ आली.

हा या विहाराचा रिवाज. पुण्यानुमोदनाला जो जे दान देईल ते माईकवरून नावासकट सांगायचं. कोणी सतरंजी देतो, कोणी पंखा, कोणी पुस्तकं. नाव पुकारलं की लोक तीनदा साधु म्हणतात. गुप्त दान वगैरे भानगड इथं नाही. गरिबांच्या वस्तीत दिलेलं दिसावं लागतं, नाहीतर शेजाऱ्यालाही देण्याची इच्छा होत नाही, असं केशवरावच म्हणायचे. अंकुशनं आदल्या दिवशी गुरुजींना आपलं दान सांगितलं होतं, आणि सांगताना छाती फुगवून जरा जास्तच सांगितलं होतं. गुरुजींनी ऐकलं तसं लिहून घेतलं. लिहिलं तसं वाचलं.

"आणि आता अतिशय आनंदानं सांगतो," धम्मानंद गुरुजींचा आवाज घुमला, "की कालकथित केशवरावांच्या स्मृतिप्रीत्यर्थ त्यांचे कनिष्ठ चिरंजीव अंकुश गजघाटे यांनी विहाराचं संपूर्ण प्रवेशद्वार आणि अभ्यासिकेचं नवं छत दान केलं आहे. नगरपरिषदेला टँकर पुरवणारी त्यांची मौद्याची भागीदारीतली एजन्सी यंदा भरभराटीला आली, त्या पहिल्या कमाईतून हे दान. त्यांच्या भागीदारांचेही आपण आभार मानू या."

"साधु! साधु! साधु!"

विहार दणाणला. अंकुशनं हात जोडले. जोडता जोडता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू वितळलं, कारण समोर माया त्याच्याकडे पाहत होती.

मौद्याची एजन्सी.

खुर्चीवर बसल्या दिवसापासून तिला हे दोन शब्द टोचत होते. निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच्या आठवड्यात साहेबांनी एकच मोठं बिल काढलं होतं. बाकी सगळे ठेकेदार बोंबलत राहिले, पंपाची वीज कापायची नोटीस आली, बायांच्या पगारासाठी बाजूला ठेवलेला पैसा होता तोही वळवला, आणि त्यातून मौद्याच्या कोण्या टँकर एजन्सीला पुरं बिल दिलं. लेखापालाला विचारलं तर तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, मॅडम, मी नोकर माणूस. एजन्सीच्या मालकाचं नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. मागं कोण आहे हे तिला कळलं नव्हतं. आता माईकवरून कळलं. साधुकारासकट.

लोक उठले, पंगती बसल्या. मायानं अंकुशला नजरेनंच अभ्यासिकेत बोलावलं. तो आला, त्याच्या मागं रविंद्र आला. मग काहीतरी बिनसलंय हे ओळखून नंदिनी इंदूबाईला धरून घेऊन आली.

"अंकुश, ते बिल तुझं होतं?"

"कोणतं बिल, वहिनी?"

"ताकाले जाऊन भांडं नको लपवू. हो म्हण, नाही तर नाही म्हण."

अंकुशनं डोकं खाजवलं. "हो. म्हणजे अर्धं. लायसन मौद्यावाल्याचं, गाड्या माह्या. पण पाणी वाटलं ना वहिनी! तीन उन्हाळे वाटलं. फुकटचं नाही खाल्लं."

"किती फेऱ्या झाल्या आणि किती लिहिल्या?"

तो शर्टाची बाही दुमडू लागला.

"बुधवारी आमच्या गल्लीत टँकर यायचा," इंदूबाई एकाएकी म्हणाली. "बुधवारीच फक्त. मी रांगेत उभी राहायची. कागदावर किती वार लिहिले बे?"

"आई, असं समदेच करते..."

"किती वार?"

"रोज," अंकुश पुटपुटला.

मायाला हसू आलं. वाईट, कडू हसू. "म्हणून मघाशी एक महिन्याचा पगार खिशातून देऊन राहिला होता! अरे, त्यांच्याच पदरचा पैसा काढून त्यांच्याच ओटीत टाकून राहिला होता तू. आणि त्यावर बापाचं नाव लिहून राहिला होता!"

"पण मले काय माहीत तो पगाराचा पैसा होता!" अंकुश ओरडला. "बिल पास झालं, मी घेतलं. कोणता पैसा कुठून काढला ते साहेब जाणे!"

"तेच," रविंद्र घाईनं मध्ये पडला. "साहेबाची सही आहे. झालं ते कायद्यानं झालं. आता उगाच जुने मुडदे नको उकरू, माया. लोक जेवून राहिले बाहेर."

"ठीक आहे. मग साहेबालेच विचारू."

"पागल झाली काय? आज सुटी आहे."

पण मायानं फोन लावला होता, आणि आवाज मोठा केला होता. याच वेळी दार ढकलून गोपिका आत आली. हातात वरणाची बादली. ती वाढता वाढता दाराशी थबकली होती आणि किती वेळ थबकली होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रविंद्र म्हणाला, "दार लाव." गोपिकानं पायानं दार आणखी उघडलं. बाहेरची पहिली पंगत सरळ खोलीत पाहू लागली.

"बोला मॅडम," साहेबांचा आवाज आला. मऊ, तूप लावलेला. "झाली का उद्याची तयारी? शिल्लक नीट दाखवा म्हणजे मलाही वर बोलायला तोंड राहील."

"साहेब, तुम्ही निवडणुकीच्या आधी मौद्याच्या टँकर एजन्सीचं बिल काढलं. सफाई कामगारांच्या पगाराचा पैसा वळवून काढलं. बाकी कोणाचं काढलं नाही, तेच काहून काढलं?"

मग साहेब हसले. खरंच हसले. बाहेरच्या पंगतीतला घास तोंडाशी थांबला.

"मॅडम, हे तुम्ही मला विचारता? कमाल आहे. मी तर आजवर समजत होतो की तुम्हाला सगळं माहीत आहे. अहो, माझ्या केबिनमध्ये चार दिवस कोण बसून होतं? निवडणूक तोंडावर आहे, वहिनींचा फॉर्म भरायचाय, एवढं करा म्हणून कोण हात जोडत होतं? घरी विचारा, मॅडम. मला कशाला त्रास देता सुटीच्या दिवशी?"

फोन बंद झाला.

रविंद्रच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता. फेब्रुवारीचं ऊन काही एवढं नव्हतं. तो आधी अंकुशकडे वळला, मग आईकडे, मग दाराकडे. दारात आता गोपिकाच्या मागं पुऱ्या लाटणाऱ्या बाया येऊन उभ्या होत्या, पिठाच्या हातांनी.

"खोटं बोलते तो," रविंद्र म्हणाला.

"दादा," अंकुश खाली पाहत म्हणाला, "तूच नेलं होतं मले त्याच्याजवळ. आता माह्या एकट्याच्या अंगावर नको ढकलू."

आणि मग रविंद्र फुटला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोस्टरं लावून, दुसऱ्यांच्या सभेत सतरंज्या उचलून, शेवटी खुर्ची आली तर ती बायकोच्या नावानं आली, तो सगळा जाळ एकदम बाहेर आला.

"हो! मी गेलो होतो! मग? काय वाटलं तुले, निवडणूक तुझ्या शिलाई मशीनवर झाली? गाड्या फिरल्या त्या कशावर फिरल्या? कार्यकर्ते रोज खिचडी खात होते ते कोणाच्या घरची? चौकात तुझा वीस फुटाचा फोटो लागला तो फुकट लागला? समोरचा पैसा वाटून राहिला होता दारोदार. आपण काय वाटणार होतो, पंचशील? तुझी खुर्ची त्या बिलावर उभी आहे माया. एक पाय जरी काढला ना, तू बी पडशीन. तू जास्त पडशीन."

बाहेर पंगतीत कोणी जेवत नव्हतं. एक म्हातारा पत्रावळीवर हात ठेवून तसाच बसला होता.

मायाला प्रचाराचे दिवस आठवले. ती प्रचाराच्या गाडीवर उभी होती, हात हलवत होती, आणि खाली रस्त्यावर गोपिका घोषणा देत होती. ज्या गाडीसमोर गोपिका ओरडत होती त्या गाडीत गोपिकाच्याच पगाराचं डिझेल होतं. हे साहेबानं केलं नव्हतं एकट्यानं. साहेबानं दार उघडलं. आत शिरणारे पाय याच घरचे होते. आणि ती स्वतः? तिनं एकदा तरी विचारलं होतं का, अहो, हे सगळं कुठून येऊन राहिलं? नाही विचारलं. तेव्हा फोटो चांगला आला होता.

"मग आम्ही आमच्याच पैशानं आमच्या छातीवर बसवून घेतलं म्हणा तुम्हाले," गोपिका म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "बादली कुठं ठेवू? वाढाची इच्छा नाही राह्यली."

इंदूबाई उठली. नंदिनीनं हात पुढं केला, तिनं तो झटकला. ती रविंद्रच्या समोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता मारते.

"मघा मी म्हटलं, भांडं रिकामं आपल्या हाती दिलं," ती म्हणाली. "मले वाटलं पाटलानं खाल्लं, शेठनं खाल्लं, साहेबानं खाल्लं. त्या यादीत माह्या पोटचे हाय, हे मले कोणी सांगितलं नाही." ती दाराकडे वळली. "गुरुजी! ते फाटक नको. माह्या नवऱ्याचं नाव कोण्या फाटकावर लिहू नका. छत बी नको. गळते तर गळू द्या."

"आई, लोकांसमोर..." नंदिनी म्हणाली.

"लोकांचंच खाल्लं, मंग लोकांसमोर नाही तर कोणासमोर?"

नंदिनी क्षणभर आईकडे, मग भावांकडे पाहत राहिली. तिनं पर्स काखेत धरली आणि येऊन मायाच्या बाजूला उभी राहिली. "दादा, मघा मी तुझ्या बाजूनं बोलली, ते मागं घेते. शिल्लक दाखवा म्हणत होते ना साहेब? फक्त त्यांची चोरी झाकायले नव्हती लागत ती. तुम्हा दोघांची बी झाकायले लागत होती."

रविंद्र हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "ठीक आहे. समदे मिळून मलेच फासावर द्या. उद्या तूट दाखव. हे समदं सभेत सांग. पेपरात छापून येऊ दे. परवा प्रशासक येऊन बसते. त्या दिवशी या बायांले कोण पगार देते ते पाहू. तो देईन?"

म्हातारीनं मघाशी सांगितलं तेच होणार होतं कदाचित. यांच्या बाईला जमलं नाही, असंच छापून येणार होतं. खुर्ची जाणार होती. तिला त्या खुर्चीचा मोह होता, हे तिला आत्ता, या घटकेला, पहिल्यांदा स्पष्ट कळत होतं. सभागृहात आत गेल्यावर सगळे उठून उभे राहतात ते तिला आवडायचं. शिवणक्लासवाल्या बाईसाठी कोणी उठत नाही.

ती दारापर्यंत गेली. बाया बाजूला झाल्या. आता ती अशा जागी उभी होती की अभ्यासिकेतल्यांना ती दिसत होती आणि पंगतीतल्यांनाही.

"ऐका," ती म्हणाली. "उद्या सभेत मी तुटीचाच अर्थसंकल्प वाचीन. तूट कोणी केली तेबी वाचीन. साहेबाचं नाव घेईन, आणि आमच्या घराचंबी घेईन. निवडणुकीत मी जी गाडी फिरवली ती कशावर फिरली, तेबी सांगीन. मंग खुर्ची राह्यली तर राह्यली. पण तूट सांगून गोपिकाची चूल पेटत नाही. तिले माह्या खरं बोलण्याचं काय लोणचं घालाचं आहे?"

ती रविंद्रकडे वळली.

"अंकुशच्या तीन गाड्या आहे. हायवेवर तुमचा प्लॉट आहे, ज्याच्यावर मंगल कार्यालय बांधाचं म्हणता. माह्या अंगावर जे आहे ते मी आज काढून देते. साहेब म्हणाले, घरी विचारा. तर विचारून राहिली. बायको म्हणून नाही, घरात गेल्यावर तुम्ही बायकोले गप्प बसवता. नगराध्यक्ष विचारून राहिली, आणि इथंच विचारून राहिली, जिथं शब्द दिला होता."

रविंद्रनं मान खाली घातली. अंकुश खिडकीबाहेर पाहत होता. पंगतीतलं एक पोरगं खीर मागत होतं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"या बायांचा पैसा उद्या सभेच्या आधी परत भरता का नाही? खाली नका पाहू. माह्याकडे नका पाहू. गोपिकाकडे पाहून सांगा. हो का नाही? बोला."